सुजाताच्या घरचा राऊटर

सुजाता मेश्राम फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणायची नाही. “दिवे काय म्हणून राहिले?” असं विचारायची. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधली आणि आसपासची मराठी माणसं तिला दुपारच्या वेळी फोन करायची ती एकाच कारणासाठी, हे तिला अनुभवाने माहीत झालं होतं. नेट गेलेलं असायचं. समोरचा माणूस घाबराघुबरा होऊन सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लागला की ती त्याला मधेच तोडायची. “ते राहू द्या. राऊटरसमोर बसा. किती दिवे लागले, कोणता लागला नाही, कोणता लुकलुकून राहिला, तेवढं सांगा.” एकदा नागपूरहून तिच्या आईचा फोन आला आणि तिने सवयीने तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, “कुठले दिवे? इथे सकाळपासून लोडशेडिंग आहे.” हा किस्सा सुजाता स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

तेव्हा घराघरांत नेट नुकतं रुळलं होतं आणि माणसं त्याच्यावर फार अवलंबून राहायला लागली होती. भिंतीतून येणारी केबल मोडेमला, मोडेम राऊटरला आणि राऊटरला जोडलेली फोनची एक डबी. त्या डबीमुळे भारतात हवं तेवढं बोलता यायचं, म्हणून बहुतेकांनी साधा फोन काढून टाकला होता. म्हणजे तो एक राऊटर बसला की ईमेल बंद, मराठी मंडळाची खबरबात बंद आणि घरचा फोनही बंद. मोबाईल बहुतेक घरांत एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. अशा वेळी आमचे आयटीतले नवरे, जे ऑफिसात मोठमोठ्या सिस्टिम सांभाळायचे, ते घरी येऊन राऊटरला दोन थपडा मारायचे आणि सगळ्या वायरी एकदम उपटून पुन्हा खुपसायचे.

माझी आणि तिची ओळख अशाच उपटाउपटीतून झाली. श्रीरंगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमच्या राऊटरची वाट लावून ठेवली होती आणि कोणीतरी मला तिचं नाव सुचवलं. पार्किंग लॉटमधला बर्फ तुडवत एक ठेंगणी, सावळी, डोक्यावर भलीमोठी लोकरी टोपी घातलेली मुलगी आली. दारात बूट काढले, टेबलाखाली शिरली आणि तिथूनच म्हणाली, “ताई, इथे कोणाकोणाचा हात लागला?” मी श्रीरंगकडे बोट दाखवलं. “सर, राग मानू नका, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की चोर कोण ते कळतच नाही.” श्रीरंगला असं बोलायची माझी कधी टाप झाली नव्हती. मला ती तिथेच आवडली.

नागपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मुलं तिला मेश्राम मॅडम म्हणायची. लग्न होऊन मिनेसोटात आली आणि तिची मॅडमकी संपली, कारण तिचा व्हिसा अवलंबितांचा होता. त्याचा अर्थ एवढाच की ही बाई अमुक माणसाची बायको आहे, त्या माणसाची नोकरी आहे तोवर ही इथे राहू शकते, आणि हिने एक पैसाही कमवायचा नाही. मी स्वतः कामाच्या व्हिसावर होते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, त्यामुळे हे दुखणं मला ऐकून माहीत होतं. सुजाताकडे ते रोज दिसायचं. सकाळी तिचा नवरा मिलिंद गाडी घेऊन गेला की दिवस तिच्या अंगावर यायचा. राऊटर दुरुस्तीचं तिचं सगळं खूळ त्या रिकाम्या दिवसांतून आलेलं होतं. लोक तिला कौतुकाने ‘आमची कस्टमर केअर’ म्हणायचे. ती हसायची, पण मला एकदा म्हणाली, “हे मी मुलांना शिकवायचे नं अनघाताई, तर मुलं वहीत उतरून घ्यायची. इथे लोक ‘थँक यू वहिनी’ म्हणतात आणि डब्यात चकल्या देतात.”

अॅडॅप्टरवर तिचा विशेष राग. घरात एकसारखे दिसणारे काळे अॅडॅप्टर डझनाने असतात, फोनचा, राऊटरचा, बाळाच्या विजेवरच्या पाळण्याचा, आणि कुठलाही कशातही बसतो. कोणाकडे तरी राऊटरला चुकून कॉर्डलेस फोनचा अॅडॅप्टर लागला होता. कमी ताकदीचा. “गंमत पाहा,” ती पार्टीत सगळ्यांना सांगत होती, “दिवे सगळे लागतात, म्हणून माणूस फसतो. थोडा वेळ चालतं, दमतं, बंद पडतं, पुन्हा आपलंआपण सुरू होतं. माणूस म्हणतो राऊटर म्हातारा झाला. अन् राऊटर बिचारा उपाशी!” त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली असायची. ज्या घरी जाईल तिथल्या राऊटरवर एक ठिपका आणि त्याच्या अॅडॅप्टरवर एक ठिपका. कुंकू लावल्यासारखे. स्वतःच्या नखांना ती नेलपॉलिश लावायची नाही. आणि स्वतःच्या घरच्या राऊटरलाही तिने ठिपका लावला नव्हता. आम्ही चिडवलं की म्हणायची, “माझ्या घरी कोण हात लावायला बसलं?”

आपटे काकूंच्या घरचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काकू मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलाने केबल जिथे येते त्या कपाटातच काकूंना देवघर थाटून दिलं होतं, आणि राऊटर देवांच्या मागे फळीवर. रोज संध्याकाळी त्यांचं नेट जायचं. सुजाता पोचली. काकूंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि कपाटाच्या दारात जराशा आडव्या उभ्या राहिल्या. मी तिथेच होते. सुजाताने ते पाहिलं, मग हातातली पिशवी बाजूला ठेवली आणि सोफ्यावर ऐसपैस बसली. “काकू, मी नाही येत आत. तुम्हीच करा, मी इथून सांगते.” आणि तिने काकूंकडून, ज्यांनी जन्मात रिमोटची बॅटरी बदलली नव्हती, तो राऊटर काढवून घेतला. समईची उष्णता आणि उदबत्तीची राख खाऊन तो काळवंडला होता. “याला सोवळं मानवत नाही काकू,” ती म्हणाली, “याला मोकळी हवा पाहिजे.” काकू ओशाळल्या, चहा ठेवायला गेल्या. सुजाता चहा न घेता उठली. परतताना गाडीत मी काकूंना तोंडाला येईल ते बोलत होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “जाऊ दे नं. यात काय बिघडलं ते मला पाहताक्षणी समजतं. ट्रबलशूटिंग नाही लागत याला.”

मिलिंदबद्दल लिहायचं तर तो मवाळ माणूस. उंच, चष्म्याआड कायम झोप न झालेले डोळे, हाताला चव. पार्टीत सुजाता बोलायची आणि तो प्लेटा गोळा करायचा. बायको आपल्यापेक्षा हुशार आहे हे तो कौतुकाने सांगायचा आणि आम्ही बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायचो. राऊटरमधलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. “तो माझा प्रांत नाही,” म्हणायचा. एका मोठ्या कंपनीत कंत्राटावर होता, आणि दोघांचंही इथलं राहणं त्या कंत्राटावर टांगलेलं होतं.

सुजाताने यातून बाहेर पडायचा मार्ग स्वतःच शोधला. इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला अर्ज करायचा, प्रवेश मिळाला की अवलंबितांचा व्हिसा बदलून विद्यार्थ्यांचा घ्यायचा. शिष्यवृत्ती मिळाली तर प्रयोगशाळेत मुलांना शिकवताही येईल. परीक्षा दिल्या, निबंध लिहिले, तिच्या इंग्रजीवर मी लाल पेन चालवलं. २००८च्या उन्हाळ्यात अर्ज गेला. “अनघाताई,” ती म्हणाली, “एकदा माझ्या नावाचा व्हिसा झाला नं, की मी पहिले आठ दिवस कोणाचाही राऊटर पाहणार नाही.” त्या अर्जाच्या उत्तरावर तिने सगळं लावून ठेवलं होतं.

शरदात बाहेर नोकऱ्या जायला लागल्या. मंडळाच्या ईमेल-ग्रुपवर रोज कोणीतरी घर आवरून निघाल्याची खबर असायची. मिलिंदच्या कंपनीचंही नाव आलं. तो लाँड्री रूममध्ये भेटला तेव्हा मी विचारलं. कपडे ड्रायरमध्ये टाकता टाकता तो म्हणाला, “आमचा ग्रुप सेफ आहे. यार, लोक घाबरवतात उगाच.”

त्याच सुमाराला सुजाताचा फोन लागेनासा झाला. मला वाटलं, अभ्यासात असेल. शेवटी एका शनिवारी मीच गेले, तर बाई जमिनीवर बसलेली, भोवती वायरींचं भेंडोळं. घरचं नेट धड चालत नव्हतं. थोडा वेळ यायचं, जायचं, राऊटर आपलाआपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. “सांगायचं नाही कोणाला,” ती म्हणाली, “माझी प्रॅक्टिस बुडेल.” विनोद करत होती, पण चेहरा ओढलेला होता. तिने आपल्या पद्धतीप्रमाणे एकेक गोष्ट बदलून पाहिली होती. मोडेम थेट कॉम्प्युटरला लावला तर चालायचा, म्हणजे केबल ठीक. वायरी बदलल्या, राऊटरचं सॉफ्टवेअर नवीन घातलं, त्याला खिडकीजवळ थंड ठेवला. अॅडॅप्टर जड टेबलामागे होता. तिथवर कोणाचा हात जात नाही, म्हणून तिने तो पाहिलाच नव्हता. “बदललेलं पहिले पाहायचं,” तिचा नियम होता, आणि तिथे तर काहीच बदललं नव्हतं.

मी तिला म्हटलं, आमच्याकडे येऊन मेल तरी बघ. आधी नको म्हणाली. दुसऱ्याच्या घरी जाऊन नेट वापरायची तिला लाज वाटत होती, जणू डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दवाखान्यात रांगेत बसावं. ओढूनच आणलं. आमच्या कॉम्प्युटरवर तिने मेल उघडला आणि पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीसकट. मला मिठी मारून ती रडली आणि मग आमच्या स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली. तेवढ्यात वाणसामानाला जायचं म्हणून मिलिंद गाडी घेऊन तिला न्यायला आला. मी त्याला दारातच सांगितलं. “अरे वा,” तो म्हणाला. “अरे वा, सुजाता.” आणि गाडी गरम करतो म्हणून लगेच खाली गेला. गाडी तर तो चालूच ठेवून आला होता, मला खिडकीतून धूर दिसत होता.

व्हिसा बदलायच्या अर्जाला मिलिंदच्या ऑफिसचं पत्र लागत होतं, की हा माणूस आमच्याकडे कामावर आहे. सुजाता रोज आठवण करायची. तो म्हणायचा, एचआरला सांगितलंय. मग म्हणायचा, एचआरची बाई रजेवर आहे. मग नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली. सुजाताला घाई होती. नवीन सत्र जानेवारीत सुरू होणार होतं, अर्ज त्याआधी जायला हवा होता.

दरम्यान तिने राऊटरचा निकाल लावला. जुना गेला, नवा आणायचा. मिलिंद लगेच तयार झाला, दोघं जाऊन घेऊन आले. नवा सुरळीत चालला. जुना टाकून देण्याआधी मात्र ती तो घेऊन माझ्याकडे आली. “मेला हे सिद्ध झाल्याशिवाय मी कोणाला पुरत नाही,” म्हणाली. आमच्या राऊटरच्या अॅडॅप्टरवर तो लावला, तर पठ्ठ्या तासभर ठणठणीत. तिने पिशवीतून घरी त्याला लागलेला अॅडॅप्टर काढला, उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला. तो त्यांच्या जुन्या कॉर्डलेस फोनचा होता. “माझ्याच घरी, बापा! मीच व्हॅक्यूम करताना काढला असेल, मीच चुकीचा लावला असेल. जगाला ठिपके लावत फिरले अन् घरी अंधार.” तिला हसू येत होतं, आणि तरी ती बराच वेळ तो अॅडॅप्टर हातात फिरवत राहिली. “पण मला आठवत काहून नाही?” असं काहीतरी पुटपुटली. घरी गेल्यावर तिने नव्या राऊटरला आणि त्याच्या अॅडॅप्टरला लाल ठिपके लावले.

पुढच्याच शनिवारी मी तिच्याकडे चहाला गेले होते. मिलिंद स्वयंपाकघरात होता, आल्याचा वास येत होता. बोलता बोलता सुजाताने मान उंचावली. तिची नजर माझ्या खांद्यावरून राऊटरकडे गेली होती. मी वळून पाहिलं. नव्याचे दिवे विझले, आणि क्षणभराने एकेक करत पुन्हा लागले.

“अनघाताई, जरा टेबल धर नं.”

आम्ही दोघींनी टेबल ओढलं. ती मागे वाकली आणि भिंतीतून अॅडॅप्टर उपटून वर आली. सगळीकडून फिरवून पाहिला. ठिपका नव्हता. मला अजून समजलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट ओळीने सरकताना दिसत होती. या घरात दोनच माणसं राहतात. एकीने हात लावलेला नाही. तिला पार्टीतला स्वतःचाच किस्सा आठवला असणार, तो सांगताना प्लेटा गोळा करणारा नवरा आठवला असणार. ती खाली बसली.

“मिलिंद, इकडे ये.”

तो तीन कप घेऊन आला आणि तिच्या हातातली वस्तू पाहून दारातच थांबला.

“दुसरा कुठे आहे?”

त्याने कप खाली ठेवले. आत गेला, लॅपटॉपची बॅग आणली आणि तिच्यातून लाल ठिपक्याचा अॅडॅप्टर काढून तिच्यासमोर ठेवला. मी उठायला लागले. सुजाताने माझं मनगट धरलं, त्याच्याकडे बघत असतानाच.

“नोकरी गेली,” मिलिंद म्हणाला.

“कधी?”

“ऑक्टोबरात. हॅलोवीनच्या आधी.”

“अन् रोज सकाळी डबा घेऊन कुठे जातोस?”

“लायब्ररीत. जॉब शोधतो. तिथे नेट आहे.”

“तिथे नेट आहे,” सुजाता म्हणाली.

मग तो बोलत सुटला. त्याच्यासोबत ज्यांची नोकरी गेली त्यांच्या बायका फोन करत होत्या, मेल पाठवत होत्या, मंडळात विषय निघाला असता. दुसरी नोकरी मिळाली की सांगायचं त्याने ठरवलं होतं. दोन आठवड्यांत मिळेल असं वाटलं होतं. “तू टेन्शन घेतलं असतंस. मग तुझी अॅडमिशन आली, तू इतकी खुश होतीस. मला तोंडच उघडवेना. नवा राऊटर आणला तेव्हा म्हटलं, जाऊ दे, आता कळलं तर कळू दे. पण परवा फोनवर एकाचा निरोप होता. मी घाबरलो, पुन्हा तेच केलं.”

सुजाता ओरडली नाही. मी तिच्या जागी असते तर शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं असतं. ती फार हळू बोलली आणि त्यामुळेच मला ते अजून ऐकू येतं. “नोकरी जाते रे. सगळ्यांची जाऊन राहिली. त्याचा राग नाही. पण मी महिनाभर इथे जमिनीवर बसून स्वतःला विचारत होते, की माझं डोकं चालत नाही का आता? मला येत होतं ते विसरले का मी? तू माझ्यासमोर जेवत होतास आणि पाहत होतास.” हातातली वस्तू खाली ठेवून म्हणाली, “माझं सगळं तुझ्या नोकरीवर होतं. ती गेली हे पहिले मला कळायला पाहिजे होतं.”

सोमवारी मी रजा टाकून तिला वकिलाकडे घेऊन गेले. वकीलबाई सज्जन होत्या, पण कायदा त्यांच्या सज्जनपणावर चालत नव्हता. मिलिंदची नोकरी संपली त्या दिवशी त्याचा व्हिसा संपल्यात जमा होता, आणि त्याच्याबरोबर सुजाताचाही. नोकरी संपायच्या आधी अर्ज गेला असता तर इथे राहून व्हिसा बदलता आला असता. अगदी नोकरी गेली त्या आठवड्यात जरी सुजाता त्यांच्याकडे आली असती, तरी त्यांनी प्रयत्न केला असता. आता इथून काही होण्यासारखं नव्हतं. भारतात परत जा, तिथून विद्यार्थ्यांच्या व्हिसाला अर्ज करा. सुजाताने विचारलं, “म्हणजे मी हॅलोवीनपासून इथे बेकायदेशीर राहून राहिले?” वकीलबाईंसाठी मी भाषांतर करायला गेले, तर ती स्वतःच नीट इंग्रजीत पुन्हा बोलली. त्यांनी मान हलवली. येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. “मी कधी सिग्नलसुद्धा नाही तोडला, अनघाताई.”

मिलिंदचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, तरी आहे. तो दुष्ट नव्हता, हे मला कळतं. त्याने तिला कधी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही. पण बायकोचं ज्ञान कौतुकाने ऐकायचं आणि तेच तिच्यावर फिरवायचं, हे त्याला जमलं, आणि तेही तिच्या काळजीपोटी केलं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. श्रीरंग म्हणतो, माणूस घाबरला की काहीही करतो. मी म्हणते, मग घाबरल्याचं तरी सांगावं.

पुढचं सांगून टाकते. मिलिंदला लवकरच टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला नोकरी मिळाली. भारतात जाऊन, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेऊन तो परत आला. सुजाताची जागा युनिव्हर्सिटीने पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवली. ती नागपूरहून व्हिसाच्या मुलाखतीला गेली, तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाने तिचे कागद बाजूला सारून एकच प्रश्न विचारला. तुमचा नवरा तिकडेच आहे, मग शिक्षण संपल्यावर तुम्ही परत याल हे आम्ही कसं मानायचं? व्हिसा मिळाला नाही. अवलंबितांचा मात्र कधीही मिळाला असता. मिलिंदने विनवण्या केल्या, फ्रिस्कोत घर घेतलं, दरवर्षी तिला न्यायला नागपूरला येत राहिला. ती त्या व्हिसावर परत आली नाही. तिच्या जुन्या पॉलिटेक्निकने तिला पुन्हा घेतलं. आता ती विभागप्रमुख आहे आणि मुलं तिला घाबरतात असं ऐकते. आम्ही बोलतो तेव्हा ती मुलांबद्दल बोलते, त्याच्याबद्दल नाही, आणि मीही विचारत नाही.

पण मला सुजाता आठवते ती डिसेंबरातल्या त्या दुपारची, मिनियापोलिसच्या विमानतळावरची. दोघं एकाच विमानाने निघाले होते. घरातलं सामान विकून-वाटून झालं होतं, चार बॅगांत संसार होता. मी सोडायला गेले होते. चेक-इन झालं. मिलिंदने आपल्या गळ्यातल्या पाऊचमधून दोघांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास काढले, एकावर एक नीट ठेवले, सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे वळला आणि सवयीने म्हणाला, “चल.”

सुजाता जागची हलली नाही. तिने हात पुढे केला.

“माझा दे.”

“असू दे नं माझ्याकडे. एकत्र आहेत. हरवायला नको.”

“माझा दे, मिलिंद.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्याने वरचा उघडून फोटो पाहिला, तो त्याचा होता. खालचा तिला दिला. तिने तो उघडून आपलं नाव वाचलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मला घट्ट मिठी मारली. मिलिंदच्या पुढ्यातली रांग छोटी होती. ती शेजारच्या लांब रांगेत शेवटच्या माणसामागे जाऊन एकटी उभी राहिली.